चार बोटं खाली

मावशी कव्हरं शिवायची. सोफ्याची, बसच्या सीटची, होड्यांची, दुकानांपुढच्या छपरांची. एकदा एका गृहस्थांनी माणसाएवढ्या उंच, एका बाजूला वाकलेल्या कशाचं तरी माप आणून दिलं आणि आत काय आहे ते सांगायला टाळाटाळ केली. मावशीने त्यांना "उद्या या, उद्या या" करत चांगलं ताटकळत ठेवलं. शेवटी त्यांनी कबूल केलं की म्हातारपणी हार्प हे तारांचं वाद्य शिकायला घेतलं आहे आणि घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी कव्हर तयार होतं.

कापडाखाली काय जाणार हे कळल्याशिवाय तिचं मशीन पुढे सरकतच नसे. गल्लीतले लोक तिला भोचक म्हणत. ते तिला माहीत होतं आणि त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. "मला विचारलं तर मीही सांगते की सगळं," असं ती म्हणायची. अडचण एवढीच होती की तिला कोणी विचारत नसे. स्वतःचा म्हणून तिचा एकच नियम होता, आणि हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी ऐकावा लागे. गिऱ्हाइकाने दिलेलं माप चुकीचं वाटलं तर तोंडाने बोला, कात्रीने बोलू नका.

तिचा कारखाना म्हणजे गॅरेजांच्या मागच्या रांगेतला एक लांबट गाळा. वर गुंडाळणारं शटर, पत्र्याने मढवलेलं कापायचं टेबल, छतापर्यंत रचलेल्या फोमच्या गुंडाळ्या आणि गोंदाचा वास. डोक्यावर दोन खोल्या, त्यात मावशी आणि तिची भाची. भाचीला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली तेव्हा ती राहायला आली आणि मग राहिलीच. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. मुलगी चणीने फार लहान. वरच्या फळीवरची बरणी काढायची तर स्टूल लागायचं. पण जीभ तिखट होती आणि स्टुलावर चढूनही ती कुणाची मदत मागत नसे.

ही भाची दर रविवारी उजाडायच्या आत नाहीशी व्हायची आणि संध्याकाळी डोळ्यांभोवती लाल वळ घेऊन परत यायची. मावशीने काही दिवस वाट पाहिली. वाट पाहणं तिच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे हे काही दिवस तिला जड गेले.

"जातेस कुठे गं?"

"विमानातून उडी मारायला."

मावशीने मान वर केली. "एकटीच?"

"नाही. चौघं असतो."

"मग ठीक आहे," मावशी म्हणाली, आणि ठीक का आहे हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "आणि खाली येईपर्यंत काय करता?"

"एकमेकांना धरतो."

"भीतीने?"

भाची हसत सुटली. मग तिने जेवणाच्या टेबलावर चार चमचे मांडून सगळं समजावलं. पॅराशूट उघडायच्या आधी चौघं पोटावर पडत असतात. चौघांचा वेग एकच, म्हणून एकमेकांना ते पडताना दिसतच नाहीत, नुसते शेजारी तरंगताना दिसतात. तेवढ्यात ठरलेल्या आकृत्या करायच्या. कुणी कुणाचा हात धरायचा, कुणी कुणाचा पाय, हे आधी आखून दिलेलं असतं. आकृती पुरी झाली की एकाने मान हलवून खूण करायची, सगळ्यांनी सोडायचं आणि पुढची आकृती करायची. पस्तीस सेकंदांत जितक्या होतील तितक्या. वरून पाचवा माणूस डोक्यावर कॅमेरा बांधून पडत असतो, आणि खाली पंच ते चित्रण बघतात. एखादा हात कापडापासून बोटभर जरी लांब राहिला तरी ती आकृती धरत नाहीत.

मावशीने हातातली कात्री खाली ठेवली. समोर माणूस बोलत असताना तिने कात्री खाली ठेवली आहे असं फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं.

पुढे कळलं की भाची त्या चौघांत अजून पक्की नाही. आधी तिच्या जागी एक नर्स होती, उंचीमुळे सगळे तिला जिराफ म्हणत. तिची दुसऱ्या गावी बदली झाली आणि भाचीला तात्पुरतं घेतलं. आल्या आल्या तिचंही नाव पडलं, बुटकी. आता स्पर्धा जवळ आली होती आणि नवे पोशाख शिवायचे होते. भाचीने ते काम मावशीकडे आणलं. मावशीने पैशाचं विचारायच्या आधी विचारलं, "ते चौघं हे घालून पालथे पडणार कसे, ते मला बघायला मिळेल ना?"

मिळालं. एका संध्याकाळी तिघं गाळ्यात आले. कप्तान हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, मजला सांगून गप्प बसणाऱ्या लिफ्टइतकंच बोलणारा. बेकरीवाला उलट, त्याला बोलायला निमित्त लागत नसे. तिसऱ्या टपालबाई, पायात कायम चालायचे बूट. मावशीने कच्च्या टाक्यांचे पोशाख चढवायला दिले. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध जाड निळं कापड, आणि दंडांवर व पायांच्या बाहेरच्या अंगाला फोम भरलेल्या मुठी. दुसऱ्याने पकडायला सोपं जावं म्हणून या मुठी. पायावरची मूठ गुडघ्याच्या जरा खाली, असं माप कप्तानाने प्रत्येकासाठी स्वतः घेऊन दिलं होतं.

मग चौघं चाकांच्या फळ्यांवर पालथे झोपले, गाडीखाली शिरताना मेकॅनिक वापरतात तसल्या फळ्या. फोमच्या गुंडाळ्यांमध्ये ते चार जाणते लोक सरपटू लागले आणि मावशी टेबलावर चढून वरून बघू लागली.

"वरून बघितलं तरच कळतं," बेकरीवाला म्हणाला. "आता डोनट बघा मावशी. प्रत्येकाने पुढच्याचा पाय धरायचा, गोल झाला पाहिजे. मी बेकरीत रोज ट्रे भरून करतो, पण हा एक मेला जमत नाही."

टपालबाईंनी बेकरीवाल्याचा पाय धरला, बेकरीवाल्याने कप्तानाचा, भाचीने टपालबाईंचा. भाचीचा पाय धरायचा होता कप्तानाने. त्याचा हात झपकन आला आणि रिकामा मिटला. पुन्हा केलं, पुन्हा रिकामा. मुठीच्या बरोबर चार बोटं खाली, जिथे जिराफाची पोटरी असायची तिथे.

"इतक्या वर्षांची सवय आहे," कप्तान म्हणाला. "पाय आखूड आहे."

तो वाईट भावनेने बोलला नव्हता. पण भाचीचे कान लाल झाले ते मावशीला टेबलावरूनही दिसलं. ती मुलगी पाय ताणून द्यायला लागली, जणू ताणल्याने वाढणार होता.

त्या रात्री पक्की शिवण घालताना मावशीने भाचीच्या पोशाखाच्या पायांवरच्या दोन्ही मुठी उसवल्या आणि चार बोटं खाली बसवल्या. कुणाला विचारलं नाही. आयुष्यभर ज्या नियमावरून तिने लोकांना पिडलं तो तिने उघड्या डोळ्यांनी मोडला, आणि खरं सांगायचं तर मोडताना तिला फार बरं वाटलं. आपल्या पोरीला आपण चार बोटं वाढवली, असं तिला वाटत होतं.

रविवारी भाची नाचत घरी आली. "कप्तानाचा हात बसला आज. प्रत्येक वेळी." मावशीने "हो का?" एवढंच म्हटलं आणि तोंड फिरवून हसू लपवलं.

पुढच्या रविवारी मात्र भाची आली आणि थेट आंघोळीला गेली. जेवतानाही गप्प. मावशीने तीनदा भाजी वाढायचा आव आणला, शेवटी विचारलंच.

"डोनट तुटतो," भाची म्हणाली. "आता माझा हात सुटतो. टपालबाईंच्या पायावरून. प्रत्येक उडीत माझाच." तिने फोनवरचं चित्रण दाखवलं. वरून दिसणारी चार निळी माणसं, खाली शेतांचे चौकोन. कप्तानाचा हात येतो, मूठ पकडतो, आणि लगेच भाची गरकन बाजूला फिरते आणि तिचा हात निसटतो. "कप्तान म्हणतो, माझं मी सुधारलं, आता तू सुधार. या रविवारी जमलं नाही तर त्याच्या मामेभावाला घेणार आहेत. लांब तंगड्यांचा आहे तो."

"पण तू सोडतेस का?"

"मी नाही गं सोडत. मला कोणीतरी फिरवल्यासारखं होतं. का ते कळत नाही."

मावशीने ते चित्रण स्वतः पुन्हा पुन्हा लावलं. आधी नुसतं कुतूहल होतं. धरलं की फिरते, हे काय गौडबंगाल आहे? मग तिला आपल्या मुठी दिसल्या. पोशाखावरची पायाची मूठ ही एक चमत्कारिक वस्तू. ज्याच्या पायावर ती असते तो तिला कधी हात लावत नाही, आणि ज्याच्या हातात येते त्याला ती सापडली की पुरतं. त्यामुळे ती हलली आहे हे त्या दोघांपैकी कुणालाच कळलं नव्हतं.

तरी खात्री हवी होती. दुसऱ्या दिवशी शटर अर्धं ओढून तिने भाचीला खाली बोलावलं आणि स्वतः एका फळीवर पालथी पडली. भाची बघतच राहिली.

"घोट्याजवळ धरून ओढ मला."

"मावशी, कंबर धरेल तुझी."

"ओढ म्हणते ना."

भाचीने ओढलं. मावशी फळीसकट गरकन फिरली आणि डोक्याने फोमच्या गुंडाळ्यांत शिरली. तिथूनच तिचा आवाज आला, "आता गुडघ्याजवळ." या वेळी ती सरळ, मुकाट्याने मागे सरकत गेली. तिने हे आणखी दोनदा करायला लावलं. खरं तर एकदाच पुरलं असतं, पण पुढे जे बोलायचं होतं ते जितकं लांबेल तितकं तिला हवं होतं.

मग ती फळीवर उठून बसली आणि सांगितलं. माप मी बदललं. चार बोटं. तुझ्यासाठी.

भाचीने पोशाख आणून टेबलावर पसरला आणि पहिल्यांदाच स्वतःच्या पायावरच्या मुठीला हात लावला. मग ती बोटाने त्याची शिवण चाचपत राहिली. मावशीला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे तुलाही माझा पाय आखूडच वाटला," भाची शेवटी म्हणाली.

मावशीचे डोळे भरून आले, ते तिने बाहीला पुसले आणि उसवायचं हत्यार हातात घेतलं. "आत्ताच्या आत्ता वर लावून देते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"आणि मग त्याचा हात परत हुकणार. आणि परत मी आखूड." भाचीने तिच्या हातातून ते हत्यार घेतलं आणि स्वतःच टाके उसवायला लागली. "कुठेच लावू नकोस. काही लागत नाही मूठ. पाय धरला तरी चालतो. शोधू दे त्याला पाय."

"आणि कप्तानाला?"

"ते तू सांगायचं."

दोन्ही मुठी निघाल्या. सुयांच्या भोकांनी कापड फाटू नये म्हणून मावशीने प्रत्येक पायावर दोन पांढऱ्या पट्ट्या मारल्या, एक वर जिथे मूठ आधी होती आणि एक खाली जिथे तिने नेली होती. निळ्या कापडावर त्या चांगल्याच उठून दिसत होत्या. पण निळी पट्टी शोधायला ती गेली नाही. दिसू देत म्हणाली.

रविवारी ती भाचीबरोबर विमानतळावर गेली. विमानतळ म्हणजे एक डांबरी पट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी आणि पत्र्याची मोठी शेड. शेडमध्ये गालिचे अंथरलेले, त्यावर लोक गुडघ्यांवर बसून पॅराशूटच्या घड्या घालत होते. एरवी मावशीने शंभर प्रश्न विचारले असते. आज तिने एकही विचारला नाही, आणि बेकरीवाल्याने तिला बरं नाही का म्हणून चौकशी केली.

कप्तान फळीवर बसून आकृत्यांचा कागद बघत होता. मावशी त्याच्यासमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मुठी हलवल्या, त्यामुळे पोरगी फिरत होती, त्यामुळे हात सुटत होता. चूक तिची नाही, माझी आहे.

"माप मी दिलं होतं," कप्तान म्हणाला.

"दिलं होतंत. मी मोडलं."

तो कागदाची घडी घालत बसला. मावशीला वाटलं, आता हा मामेभावाला फोन करणार. पण त्याच्या चेहऱ्यावर राग दिसेना. दिसलं ते वेगळंच, आणि मावशीला ते जास्त लागलं.

"दोन आठवडे मी सगळ्यांना सांगत होतो, माझं जमलं म्हणून," तो म्हणाला. "ते जमलं नव्हतंच. तुमची शिवण होती ती."

बेकरीवाल्याने पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. बोलल्या त्या टपालबाई, बुटांच्या नाड्या बांधता बांधता. "जिराफ तुझ्या हातात पाय आणून द्यायची. तू नुसता हात पाठवायचास. आम्हाला शिकवलंस कुणी, आधी अंग न्यायचं, मग हात? मी पत्र टाकायला दारापर्यंत जाते. फाटकावरून भिरकावत नाही."

कप्तानाने भाचीकडे पाहिलं. मग तिच्या पायांकडे.

"मुठी कुठायत?"

"काढल्या," भाची म्हणाली. "नियमात बसतं का?"

तिला उत्तर माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यालाही कळलं. "बसतं," तो म्हणाला. "चला. एक उडी. मग बघू."

विमान वर गेलं आणि इतकं लहान झालं की मावशीला ते कुठे आहे हे सांगायला दुसऱ्याचं बोट लागलं. चौघांना ती पाहू शकली नाही. एवढ्या उंचीवरचं खालून कुणालाच दिसत नाही, हे तिला आज कळलं. मग रंगीत पॅराशूट दिसली, एकामागून एक, पाच. तिने पाच मोजली, पुन्हा मोजली, आणि तेव्हा कुठे गालिच्याच्या कडेला टेकली.

शेडच्या भिंतीवरच्या पडद्यासमोर सगळे जमले. घाम, वाऱ्याने विस्कटलेले केस, गळ्यात लोंबणारे चष्मे. कॅमेऱ्यावाल्याने चित्रण लावलं. दारातून चौघं एकत्र निसटले, पहिली आकृती झाली, सुटली. दुसरी झाली, सुटली. मावशी इतर काही बघत नव्हती. ती भाचीच्या डाव्या पायावरच्या दोन पांढऱ्या पट्ट्या बघत होती. एक वर, एक खाली, सारख्या दिसत होत्या.

मग डोनट आला. कप्तानाचा हात पुढे आला नाही. आला तो कप्तान. खांदा, छाती, गुडघे, अख्खा माणूस सरकत भाचीच्या पायाशी येऊन थांबला, आणि मग हात खाली टेकला. भाची हलली नाही. तिचा हात टपालबाईंच्या पायावर होता तो तसाच राहिला. गोल पुरा झाला, भाचीने मान हलवली, सगळ्यांनी सोडलं.

"परत दाखव," कप्तान म्हणाला. "तिथे थांबव."

चित्र थांबलं. पायावर एकच पट्टी दिसत होती, खालची. वरच्या पट्टीवर त्याचा पंजा होता.

कप्तान पडद्याजवळ जाऊन बघून आला. "माप बरोबर होतं," तो म्हणाला. "मीच लांब होतो." मग भाचीकडे वळून, जणू हवामान सांगतोय अशा आवाजात, "स्पर्धेच्या यादीत तुझं नाव घालतो. दुकानात रजेचं सांगून ठेव."

भाचीने नुसती मान हलवली, आणि मग चष्म्याच्या पट्ट्यात अडकलेले केस सोडवायला ती उगाचच खूप वेळ घेऊ लागली. बेकरीवाल्याचं तोंड पुन्हा सुरू झालं. मावशीला रडू येत होतं आणि हसूही, आणि त्यातलं आधी काय करावं ते तिला ठरवता येईना. म्हणून तिने तिसरंच केलं. पिशवीतून त्या दोन मुठी काढल्या आणि कप्तानापुढे धरल्या.

"आता विचारते आधीच," ती म्हणाली. "या परत लावू का? आणि लावायच्या तर कुठे?"

कप्तान उत्तर द्यायला तोंड उघडत होता. मग त्याने ते मिटलं.

"तिला विचारा," तो म्हणाला. "पाय तिचा आहे."

मावशीच्या लक्षात आलं की माप घेताना, बदलताना, उसवताना हे आजवर कुणीच केलं नव्हतं. गल्लीभर सगळ्यांना सगळं विचारत हिंडणाऱ्या तिनेही नाही. ती भाचीकडे वळली आणि मुठी पुढे केल्या.

भाचीने त्यातली एक हातात घेऊन दाबून पाहिली.

"लाव," ती म्हणाली. "पहिल्या जागी. आता त्याला वाट माहीत झालीय."